बंद करत होतो

आमच्या लॉन्ड्रीत तिला सगळे इंगूताई म्हणायचे. खरं नाव फक्त हजेरीपुरतं.

हॉटेलांच्या चादरी, हॉस्पिटलांचे टॉवेल, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे डगले असं सगळं आमच्याकडे ट्रॉल्या भरभरून यायचं आणि धुऊन, इस्त्री होऊन परत जायचं. इंगूताई आली ती घड्या घालायच्या कामावर. शाळा अर्ध्यात सुटलेली, लग्न लवकर झालेलं, नवरा आमच्याच डिलिव्हरीच्या गाडीवर. घड्या घालायचं टेबल ऑफिसच्या काचेला लागून होतं. हॉटेलांतून इंग्रजीत तक्रारी यायच्या, आत क्लार्क उत्तरं द्यायचा आणि बाहेर ही कान टवकारून ऐकायची. तिचं इंग्रजी कुणी शिकवलेलं नव्हतं, वेचलेलं होतं. एकदा क्लार्क आला नव्हता आणि फोन वाजून वाजून जीव खात होता. ही आत गेली, फोन उचलला आणि बोलली. काय बोलली ते आम्हाला कळलं नाही, पण पलीकडच्या बाईंचा पारा उतरला. काही दिवसांनी तिला ऑफिसात टेबल मिळालं, माझ्या समोरचंच.

तिच्या इंग्रजीची एक गंमत होती. प्रत्येक क्रियापदाला ती ‘इंग’ लावायची. आय अ‍ॅम सेंडिंग, यू आर हॅविंग, ही इज नोइंग. तिला ते कानाला गोड लागायचं, भारदस्त वाटायचं. एका दुपारी मॅनेजरांनी फोन स्पीकरवर टाकला आणि तिनं एका मोठ्या हॉटेलच्या बाईंना मोठ्या रुबाबात सांगितलं, "मॅडम, वुई आर नोइंग युवर बेडशीट्स." पलीकडच्या बाई हसल्या, मॅनेजर हसले, मग आम्ही सगळेच हसलो. मीसुद्धा, पोट धरून. त्या दिवसापासून ती इंगूताई झाली.

तीही हसली होती. पण मनाला लावून घेतलं होतं, हे मला फार उशिरा कळलं. तिनं कानाला खडा लावला. ‘इंग’ तोंडातून जाऊच द्यायचा नाही. गाडी येतेय असं सांगायचं असेल तर ‘कार कम’, पाठवतेय म्हणायचं असेल तर ‘आय सेंड’, झालं असेल तर ‘आय सेंट’. तुकडे पाडल्यासारखं बोलायची, पण स्पष्ट बोलायची. मॅनेजर म्हणाले, आता कशी गाडी रुळावर आली. नाव तेवढं चिकटलं ते चिकटलंच.

आमच्या बॉयलरवर एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांना सगळे बॉयलरकाका म्हणायचे. बोलणं मोजकं, चहा पितानाही नजर वाफेचा दाब दाखवणाऱ्या काट्यावर. त्यांची पुतणी इस्त्रीच्या मोठ्या रोलरवर कामाला होती. ओल्या चादरीची दोन टोकं दोघी बायकांनी धरायची, ती गरम रोलरखाली सरकवायची आणि पलीकडे कोरडी बाहेर पडायची, असं ते काम. काकांनीच पुतणीला तिथे चिकटवलं होतं. काकांच्या भावाला, तिच्या वडिलांना, त्याचा केवढा अभिमान.

एका सकाळी त्या रोलरच्या डोक्यावरून जाणाऱ्या वाफेच्या पाइपाचा सांधा उडाला. आवाज इतका मोठा झाला की ऑफिसच्या काचा थरथरल्या. आम्ही बाहेर धावलो तर सगळा हॉल पांढरा, काही दिसेना, फक्त किंचाळ्या. वाफ ओसरली तेव्हा कळलं की पुतणीचा उजवा हात आणि खांदा भाजलाय. बाकीच्या थोडक्यात वाचल्या. काका बॉयलरच्या खोलीतून आले ते तसेच तिच्याशेजारी जमिनीवर बसले आणि अ‍ॅम्ब्युलन्स येईपर्यंत उठले नाहीत.

चौकशीला बाहेरून एक साहेब आले. त्यांना आपली भाषा येत नव्हती, इंग्रजीच चालायचं. मॅनेजरांनी मध्ये पडणं बरं दिसलं नसतं, कारण प्रश्न त्यांच्याही कारभाराचा होता. क्लार्क रजेवर होता, तेव्हा दुभाषी म्हणून इंगूताईला बसवलं. तिनं त्या दिवशी चांगली साडी नेसली होती. घाबरली होती, पण खूशही होती. मी तिला दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा तिनं पदर पुन्हा एकदा नीट केला.

आत काय झालं ते तिनंच नंतर मला सांगितलं, एकदा नव्हे, अनेकदा. साहेबांनी काकांना विचारलं, तुम्ही काय केलंत. काकांचं चित्त ठिकाणावर नव्हतं. हॉस्पिटलातून थेट आले होते. ते म्हणाले, "सांधा उडाला तेव्हा मी व्हॉल्व्ह बंद करत होतो." आणि लगेच हिच्याकडे वळून म्हणाले, पोरीजवळ आता कुणी आहे का.

इंगूताईनं साहेबांना सांगितलं, "व्हेन द जॉइंट बर्स्ट, ही क्लोज्ड द व्हॉल्व्ह."

साहेबांनी मान डोलावली. मग विचारलं, त्याआधी काटा काय दाखवत होता. काका म्हणाले, काटा जागेवर होता. तेही तिनं सांगितलं, ते बरोबरच सांगितलं. साहेबांनी आभार मानले आणि उठले.

निकाल आला तो असा. सांधा एकाएकी उडत नाही, आधी शिटीसारखा बारीक आवाज येतो. तो बॉयलरवरच्या माणसाच्या कानावर पडायला हवा होता आणि त्यानं तेव्हाच वाफ तोडायला हवी होती. त्यानं व्हॉल्व्ह बंद केला तो सांधा उडाल्यावर. म्हणजे हलगर्जीपणा. काकांना बॉयलरवरून काढलं आणि मळक्या कपड्यांच्या खोलीत टाकलं. तिथे आलेल्या ट्रॉल्या रिकाम्या करायच्या, रक्ताचे कपडे वेगळे, तेलकट वेगळे, असे ढीग लावायचे. खोलीला खिडकी नव्हती. आयुष्यभर आगीसमोर उभा राहिलेला माणूस तिथे नाकाला फडकं बांधून वाकलेला दिसायचा.

घरीही तेच. भावानं बोलणं टाकलं. काकानं वेळेवर व्हॉल्व्हचं चाक फिरवलं असतं तर पोरीचा हात वाचला असता, असं भावजय येईल-जाईल त्याला सांगायची. पुतणीही हॉस्पिटलात तेच म्हणाली. इंगूताई तिला भेटायला गेली होती, तिच्यासमोरच म्हणाली.

पण काका इंगूताईवर खूश होते. इंग्रजी बोलणाऱ्या साहेबासमोर आपली बाजू मांडायला ही बाई बसली, याचंच त्यांना कौतुक. ट्रॉली ढकलत ऑफिसवरून जाताना थांबायचे, हात जोडायचे. "ताई, तुम्ही होतात म्हणून एवढ्यावर निभावलं," म्हणायचे. तिलाही ते खरंच वाटायचं. मॅनेजर तर इतके खूश की त्यांनी तिला संध्याकाळच्या इंग्रजीच्या वर्गाला घातलं. म्हणाले, तुझं इंग्रजी आता पक्कं करून टाकू.

वर्ग एका शिंप्याच्या दुकानाच्या वर भरायचा. एक नर्स, एक टॅक्सीवाला, पार्लरमध्ये काम करणाऱ्या दोघी मैत्रिणी, असे दहापंधरा जण. शिकवणारी मुलगी वयानं लहान, पण आवाज खणखणीत. सगळे तिला टीचर म्हणायचे. त्या संध्याकाळी टीचरनं फळ्यावर एक लांब आडवी रेघ ओढली आणि तिला मध्येच छेदणारा एक बाण काढला. म्हणाली, ही रेघ म्हणजे चालू असलेलं काम, आणि हा बाण म्हणजे मध्येच येऊन पडलेली गोष्ट. रेघेला ‘वॉज’ आणि ‘इंग’ लावायचा. बाणाला नाही. रेघही बाणासारखीच लिहिलीत, तर काम बाणानंतर सुरू झालं असा अर्थ होतो. तुम्ही स्वतःचं एक उदाहरण सांगा.

टॅक्सीवाला उभा राहिला. आधी म्हणाला, "व्हेन पोलीस केम, आय रॅन." मग म्हणाला, "व्हेन पोलीस केम, आय वॉज रनिंग." आणि आपल्या भाषेत म्हणाला, "टीचर, पहिल्यात मी चोर आहे, दुसऱ्यात मी व्यायाम करतोय."

वर्ग खदखदून हसला. टीचरनं टाळ्या वाजवल्या. इंगूताईही हसायला गेली आणि तिचं हसू तोंडातच राहिलं. काकांचं वाक्य तिला शब्दन् शब्द आठवत होतं. आपलंही.

वर्ग सुटल्यावर ती टीचरजवळ गेली. नाव-गाव न सांगता तिनं दोन वाक्यं पुढे केली, एक सांधा उडाला तेव्हा त्यानं व्हॉल्व्ह बंद केला, एक सांधा उडाला तेव्हा तो व्हॉल्व्ह बंद करत होता. टीचर फळा पुसत होती. मागे न वळताच म्हणाली, "सोपं आहे की. पहिल्यात स्फोट झाल्यावर त्याचे डोळे उघडले. दुसऱ्यात त्यानं आधीच हालचाल केली होती, पण वेळ पुरला नाही." मग वळून म्हणाली, बघा, आपल्या भाषेतही तसंच आहे, तुम्हाला येतंच आहे.

येत होतंच. काकांनी ते तिच्या स्वतःच्या भाषेत, नीट, लहान पोरालाही कळेल असं सांगितलं होतं. तिनं इंग्रजीत नेताना ते कापलं होतं. का, तर ‘इंग’ लावला तर साहेब हसतील.

घरी तिनं नवऱ्याला सांगितलं. तो बिचारा भला माणूस. म्हणाला, तू काही मुद्दाम केलं नाहीस. साहेबानं तरी एका वाक्यावर निकाल दिला नसेल, त्यांचं काहीतरी आधीच ठरलेलं असेल. आणि आता हे काढलंस तर तुझं टेबल जाईल, माझी गाडी जाईल. त्याचं खोटं नव्हतं. तिनं ताट तसंच बाजूला सारलं.

त्यानंतरचे बरेच दिवस मी तिला समोरून बघत होते आणि मला काही उमगत नव्हतं. काकांची ट्रॉली येताना दिसली की ती फोन उचलायची, कुणाचा नसला तरी. कधी कपाटामागे जाऊन फाइल शोधायची. काका हात जोडून थांबायचे, तिची पाठ बघायचे आणि पुढे जायचे. मी एकदा म्हटलंसुद्धा, म्हाताऱ्या माणसाला असं ताटकळत ठेवू नये. ती माझ्यावर एकदम खेकसली.

स्वतःची समजूत घालायचा तिनं सगळ्या बाजूंनी प्रयत्न केला. काकांना बॉयलरपेक्षा हे काम सोपं, असंही तिनं स्वतःला सांगून पाहिलं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा मान खाली घालून सांगितलं.

मग एके दिवशी जेवणाच्या सुट्टीत काकांनी तिला नळावर गाठलं. डबा धूत होती, पळायला जागा नव्हती. काका म्हणाले, "ताई, एक विचारू? तुम्ही शिकलेल्या आहात. मला आधी वाटत होतं की बारीक शिटी ऐकली आणि मी चाकाकडे धावलो. अर्धं चाक फिरलं आणि मग ते उडालं. पण साहेब म्हणतात उडाल्यावर बंद केलं. आता मलाही तसंच दिसायला लागलंय. रोज डोळे मिटले की मी नुसता उभा असतो. माणूस असं स्वतःलाच खोटं सांगतो का हो?"

तिच्या हातातला डबा नळाखाली भरून वाहत राहिला. काकांना वाटलं आपण उगाच त्रास दिला. ते माफी मागून निघून गेले.

ती ऑफिसात आली ती सरळ मॅनेजरांच्या केबिनमध्ये. सगळं सांगितलं. मॅनेजर आधी हसले, त्यांना वाटलं गंमत आहे. मग त्यांचा चेहरा बदलला. म्हणाले, प्रकरण मिटलंय, एका ‘इंग’साठी ते उकरून काढायचं नाही. ती बाहेर आली. साहेबांचं कार्ड तिच्या टेबलाच्या काचेखाली होतं, जाताना त्यांनीच दिलेलं. तिनं आमच्या सगळ्यांसमोर फोन लावला. मॅनेजर केबिनच्या दारात येऊन उभे राहिले, पण फोन हातातून ओढून घेणं त्यांना जमलं नाही.

साहेब फोनवर आले. तिनं ओळख दिली आणि म्हणाली, "सर, आय सेड राँग. ही वॉज क्लोजिंग द व्हॉल्व्ह. ही वॉज क्लोजिंग. देन जॉइंट बर्स्ट." मग साहेबांनी काहीतरी विचारलं. ती म्हणाली, नो सर, ही टोल्ड करेक्ट, आय टोल्ड राँग. आणखी काही विचारलं. तिनं खूप वेळ शब्द शोधले, मग एवढंच म्हणाली, "आय वॉज फिअरिंग." तिनं फोन ठेवला. त्या दिवशी कुणी हसलं नाही.

साहेबांनी काकांशी पुन्हा बोलायचं ठरवलं, व्हिडिओ कॉलवरून, बाहेरचा दुभाषी घेऊन. या वेळी शिटीचं विचारलं, चाक किती फिरलं होतं ते विचारलं, पाइपाचा सांधा शेवटचा कधी बदलला तेही मॅनेजरांना विचारलं. तो बदलायची वेळ केव्हाच उलटून गेली होती. निकाल फिरला. काकांचा दोष पुसला गेला.

पण हे सगळं व्हायच्या आधी, फोनच्याच दिवशी संध्याकाळी, इंगूताई मळक्या कपड्यांच्या खोलीत गेली. मी तिच्यासोबत होते, तिनंच चल म्हटलं होतं. काका चादरींच्या ढिगाशी वाकलेले होते. तिनं उभ्या-उभ्याच सांगून टाकलं, मध्ये थांबली असती तर तिला पुढे बोलता आलं नसतं. काकांनी तोंडावरचं फडकं खाली ओढलं. त्यांना पहिल्यांदा कळलंच नाही. तिनं पुन्हा सांगितलं.

"म्हणजे मी आधीच धावलो होतो?" काका म्हणाले.

"हो काका. तुम्ही तसंच सांगितलं होतं."

ते एका गाठोड्यावर बसले. डोळ्यांत पाणी आलं, पण चेहऱ्यावर काहीतरी उजळल्यासारखं झालं. मला वाटलं, चला, सुटली बिचारी. तेवढ्यात काकांनी मान वर केली.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

ती खोटं बोलू शकली असती. आज सकाळी म्हणाली असती तरी त्यांना खरं वाटलं असतं. ती म्हणाली, "बरेच दिवस झाले."

काका तिच्याकडे बघत राहिले. म्हणाले, "मी रोज तुमच्यासमोरून जात होतो." फडकं पुन्हा नाकावर बांधलं. मग तिच्याकडे न बघता म्हणाले, माझ्या भावाच्या घरी येऊन हे सांगाल का. मी सांगितलं तर त्यांना पटायचं नाही.

ती त्याच संध्याकाळी काकांबरोबर गेली. भावाच्या घरात काकांना आधी कुणी बसा म्हणालं नाही. पुतणी कॉटवर होती, हात अजून बांधलेला, बोटं नीट वळत नव्हती. इंगूताईनं सगळं सांगितलं, शिकवणीतल्या रेघेचं आणि बाणाचंसुद्धा, कारण भाऊ पुन्हा पुन्हा विचारत होता की एका शब्दानं एवढं कसं होईल. तो काकांना म्हणाला, मग तू स्वतः का नाही ठणकावून सांगितलंस. काका म्हणाले, साहेबांनी एवढी चौकशी केली, त्यांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक असेल असं वाटलं. भावजय आत गेली आणि खुर्ची घेऊन आली, काकांसाठी.

मग पुतणी इंगूताईला म्हणाली, "तुम्ही हॉस्पिटलात आला होतात तेव्हा मी काकांबद्दल काय काय बोलले होते. तुम्ही मान हलवत होतात."

"मला तेव्हा माहीत नव्हतं गं."

"हो. पण मी बोलले ते बोलले," पुतणी म्हणाली आणि डाव्या हातानं तोंड झाकून रडायला लागली. काका उठून तिच्याजवळ गेले. इंगूताई दाराशी उभी होती. तिला कुणी जा म्हणालं नाही, बसही म्हणालं नाही. ती चपला घालून निघाली.

तिचं टेबल गेलं नाही. मॅनेजर काही महिने तिच्याशी कामापुरतंच बोलले, तिच्या नवऱ्याला लांबच्या फेऱ्या लावल्या, तेवढंच. काकांना पुन्हा बॉयलरवर घेतलं. पण ते पूर्वीचे राहिले नव्हते. पंप सुरू झाला तरी दचकायचे, काहीही नसताना चाकापाशी जाऊन उभे राहायचे. एकदा त्यांनी भर कामाच्या वेळी वाफ तोडली, शिटी ऐकू आली म्हणून. शिटी नव्हती. त्यांनी स्वतःहून वेळेआधी निवृत्ती मागितली.

निरोपाला सगळे हॉलमध्ये जमलो. पुतणी आली होती, तिला आता पॅकिंगला घेतलं होतं, एका हातानं जमेल तसं. काकांनी प्रत्येकाचं नाव घेऊन आभार मानले, गाडीवाल्यांचे, रोलरवरच्या बायकांचे, ऑफिसचे. इंगूताईचंही नाव घेतलं, माझ्यानंतर आणि क्लार्कच्या आधी, अगदी साध्या आवाजात.

घरी जाताना ती मला म्हणाली, त्यांनी मला दोन शब्द सुनावले असते तर मी ते ऐकून घेतले असते. तिच्या नवऱ्याची गाडी फेरीवरून अजून परतली नव्हती, म्हणून आम्ही दोघी बस स्टॉपपर्यंत चालत गेलो.